अडीचशे रुपयांचा उंबरठा

१/
वसाहतकाळातील करांविषयी वाचताना आपण दर पाहतो. शेतसारा किती, मिठावर किती, मिळकतीवर रुपयामागे किती पै. आकारणी चुकली तर दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. त्याच्याही पुढचा प्रश्न असा : ती दाद मागायला परवानगी लागत असेल, तर ती देणारा कोण? आजचा धागा या परवानगीविषयी आहे. माझे मत आरंभीच सांगून ठेवतो. रयतेला आणि लहान व्यापाऱ्याला दराने जितके नाडले, तितकेच किंवा त्याहून जास्त या परवानगीने नाडले. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र तिला एक ओळही मिळत नाही.

२/
१८८६ सालचा प्राप्तिकर कायदा घेऊ. वार्षिक ५०० रुपयांपासूनच्या मिळकतीवर कर होता. शेतीचे उत्पन्न वगळलेले होते. कर बसवला कलेक्टरच्या कचेरीने. तो अन्यायाचा वाटला तर अर्ज करायचा कलेक्टरकडेच. त्याच्या हुकमानेही समाधान झाले नाही तर विभागाच्या कमिशनरकडे जायचे.

येथे कायद्याने एक रेघ ओढली होती. वादातील कर २५० रुपये किंवा अधिक असेल, तर कमिशनरने प्रकरणाचे कागद मागवलेच पाहिजेत. त्याहून कमी असेल, तर मागवावेत की नाही ही त्याची मर्जी. आणि दिवाणी कोर्ट? आकारणी रद्द करून घेण्यासाठी दावाच लावता येणार नाही, असे त्याच कायद्यात लिहिले होते.

३/
या २५० रुपयांचा अर्थ काय, तो थोडे गणित केल्यावर कळतो. दोन हजारांच्या वरच्या मिळकतीवर दर होता रुपयाला पाच पै. एका रुपयाच्या १९२ पै. म्हणजे २५० रुपये कर भरण्यासाठी वर्षाची मिळकत ९,६०० रुपये हवी. महिन्याला आठशे! त्या काळी एवढी मिळकत बडे वकील, गिरणीमालक, मोठे सावकार आणि वरच्या दर्जाचे गोरे अधिकारी यांचीच. वरच्या पायरीवर हक्काने जाता येई ते यांना. वर्षाला सहाशे-सातशे रुपये मिळवणारा पेठेतला कापडदुकानदार किंवा तालुक्याच्या गावचा तेलाचा व्यापारी याला अर्ज करता येई, परंतु तो ऐकला जाईलच असा हक्क त्याला नव्हता.

खरे तर चुकीची आकारणी होण्याचा संभव या माणसाच्याच बाबतीत सर्वांत जास्त. त्याच्या वह्या मोडीत; कारकुनाला त्या पटल्या तर पटल्या, नाही तर ‘अंदाजे’.

४/
रक्कम लहान म्हणून अपिलाला चाळणी लावणे ही गोष्ट आपल्यापुरती नव्हती. जगातील बहुतेक न्यायव्यवस्थांत ती आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. चाळणी धरणारा हात कोणाचा होता ते पाहा. कमिशनर हा त्याच महसूल खात्याचा वरिष्ठ. कलेक्टरने चूक केली काय, हे ठरवायला घ्यावे की नाही, हेसुद्धा कलेक्टरचाच वरिष्ठ ठरवणार. तक्रार ज्याच्याविरुद्ध, दाराची किल्लीही त्याच्याच कनवटीला.

५/
ही किल्ली महसूल खात्याकडे आली कशी, यासाठी शंभर वर्षे मागे आणि कलकत्त्याला जावे लागेल. १७७४ साली तेथे सुप्रीम कोर्ट सुरू झाले आणि थोड्याच वर्षांत ते व कंपनी सरकार यांच्यात जुंपली. कासीजोऱ्याच्या जमीनदाराच्या प्रकरणात तर कोर्टाचा हुकूम बजावायला गेलेल्या लोकांना सरकारने शिपाई पाठवून अडवले. अखेर १७८१ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला : महसुलासंबंधीच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाला अधिकार नाही. एका ओळीचे हे कलम पुढे इतके दीर्घायुषी ठरले की वाचताना नवल वाटते. सुप्रीम कोर्टे गेली, हायकोर्टे आली, कंपनी जाऊन राणीचे राज्य आले. १९१५ च्या आणि १९३५ च्या कायद्यांतही हेच बंधन शब्द बदलून कायम राहिले. या कलमाला लक्षात ठेवा, शेवटी ते पुन्हा भेटणार आहे.

६/
मुंबईत या बंधनाची कसोटी लागली ती ‘स्पूनर विरुद्ध जुद्दो’ या खटल्यात, १८५० च्या सुमारास. मुंबई बेटावरील जमिनींवर ‘क्विट-रेंट’ नावाचा एक जुना, हलका सारा असे. त्याच्या थकबाकीसाठी कलेक्टरने जप्ती केली. ज्याची मालमत्ता जप्त झाली त्याने बेकायदा घुसखोरीचा दावा लावला आणि मुंबईच्या सुप्रीम कोर्टात तो जिंकला. कलेक्टरसाहेब गप्प बसले नाहीत. ते लंडनला, प्रिव्ही कौन्सिलात गेले, आणि तेथे निकाल फिरला. लॉर्ड कॅम्पबेल यांनी सांगितले त्याचा आशय असा : आपण महसुलाच्या नियमांनुसार वागत आहोत असे अधिकाऱ्याला प्रामाणिकपणे वाटत असेल, तर प्रत्यक्षात त्याचे नियम चुकले असले तरी कोर्टाने त्यात हात घालू नये.

७/
या खटल्यातील दुसरी गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. एका सामान्य जप्तीचा वाद सात समुद्र ओलांडून गेला, कारण सरकारी पक्षाला त्यातील तत्त्व मोलाचे वाटले आणि खर्च परवडणारा होता. वाद लहान की मोठा, हे रकमेवर ठरत नाही हे सरकारला नीट ठाऊक होते. एका घरावरचा सारा किरकोळ असतो, पण ज्या नियमाने तो बसतो तो नियम हजारो घरांवर लागतो. स्वतः अपील करताना सरकारने हा हिशेब मांडला. रयतेची पाळी आली की तोच हिशेब फक्त तिच्या पावतीवरच्या आकड्यापुरता उरे.

८/
लंडनच्या वाटेवरचा आकडाही सांगून ठेवतो. १८३८ च्या शाही आदेशाने हिंदुस्थानातून प्रिव्ही कौन्सिलकडे अपील नेण्यासाठी वादाची किंमत किमान १०,००० रुपये ठरली. त्याखालच्या प्रकरणात एक तर हायकोर्टाने ‘हे अपिलास योग्य’ असा दाखला द्यायचा किंवा प्रिव्ही कौन्सिलनेच खास परवानगी द्यायची. हा आकडा पुढे ब्रिटिश राजवट संपेपर्यंत बदलला नाही.

९/
आता शेतसाऱ्याकडे येऊ, कारण या प्रांतातील बहुसंख्य लोकांचा सरकारशी संबंध त्यातूनच येई.

उत्तर कानडा जिल्हा, म्हणजे कारवार, कुमठा, होनावरचा मुलूख, १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला. मुंबईची पाहणी-पद्धत तेथे लागू झाली आणि सारा वाढला. तेथील जमीनधारकांचे म्हणणे होते की आमचा सारा जुन्या हक्काने कायमचा ठरलेला आहे, तो वाढवण्याचा अधिकारच सरकारला नाही. त्यांनी सरळ कोर्टात धाव घेतली. मुंबई हायकोर्टाने १८७५ साली, सरन्यायाधीश वेस्ट्रॉप यांच्या पुढाकाराने, ‘वैकुंठ बापूजी विरुद्ध मुंबई सरकार’ या खटल्यात प्रदीर्घ निकाल दिला. जमिनीची मालकी कोणाची, हिंदू राजांच्या काळी काय होते, टिपूच्या काळी काय झाले, हे सगळे कोर्टाने तपासले. जमीनधारक हरले.

१०/
सरकार जिंकले होते, हे विसरू नका. आणि पुढच्याच वर्षी, १८७६ साली, मुंबई इलाख्यासाठी ‘रेव्हेन्यू ज्युरिसडिक्शन ॲक्ट’ आला. सरकारने मंजूर केलेल्या साऱ्याच्या रकमेविषयी किंवा आकारणीविषयी कोणतीही हरकत यापुढे दिवाणी कोर्टाने ऐकायची नाही.

जिंकलेला पक्ष दार का बंद करतो? माझा तर्क असा की निकालाची भीती नव्हती, भीती होती ती उत्तर द्यावे लागण्याची. कोर्टात सरकारला आपली दप्तरे उघडावी लागतात, साऱ्याचा दर कोणत्या आधारावर काढला ते सांगावे लागते, समोरचा वकील उलटतपासणी घेतो. कचेरीत यातले काहीच नसते. हुकूम असतो आणि त्याखाली सही.

११/
त्या कायद्यातील एक अपवाद मात्र डोळ्यांत भरतो. सरकारी सनदेने किंवा कायद्याने आपली जमीन साऱ्यातून पूर्णतः अथवा अंशतः मुक्त आहे, असा ज्याचा दावा असेल त्याला कोर्टाचे दार उघडे राहिले. म्हणजे इनामदाराला कोर्ट होते. ज्याच्याकडे सनद नाही, फक्त सातबाऱ्याच्या पूर्वजांसारखे गावदप्तरातले नाव आहे, त्या रयतवारी शेतकऱ्याला सारा जास्त बसला म्हणून कोर्टात जाता येईना. कायद्यासमोर सारे समान, हे वाक्य ज्या राजवटीच्या प्रशस्तीत वारंवार येते त्या राजवटीचा हा कायदा.

१२/
मग शेतकऱ्यापुढे वाट कोणती? मामलेदार, प्रांत, कलेक्टर, कमिशनर. १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने या जिन्याच्या पायऱ्या नीट बांधल्या. कलेक्टरच्या खालच्या अधिकाऱ्याच्या हुकमावर ६० दिवसांत अपील, इतर बाबतींत ९० दिवसांत. अर्जासोबत मूळ हुकमाची नक्कल जोडायची. ऐकणाऱ्याला योग्य वाटल्यास अपील पहिल्याच नजरेत फेटाळता येई.

कागदावर साठ दिवस पुरेसे दिसतात. त्यातले किती दिवस नक्कल मिळण्यात जात, तालुक्याचा रस्ता किती कोसांचा होता, पेरणी-कापणीच्या दिवसांत बैल कोण सोडणार, आणि अर्ज लिहिणारा काय घेई, याचा हिशेब घरातल्या वडीलधाऱ्यांनी केलेलाच असे. साऱ्याचा हप्ता तोवर थांबत नसे. चुकला तर चौथाई, म्हणजे साऱ्याच्या चौथ्या हिश्श्याइतका दंड, वर जप्ती. चार-दोन रुपयांच्या वाढीसाठी हे सगळे करणारा शेतकरी हट्टी म्हटला गेला असता, आणि न करणाऱ्याच्या नावापुढे दप्तरात लिहिले गेले : हरकत नाही.

१३/
येथे एक जण हमखास म्हणेल, कोर्टे उघडी असती तरी रयतेचे भले झाले असते कशावरून? आक्षेप बिनतोड आहे. १८७५ साली सुपे येथून पेटलेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे, खतपत्रे जाळली, ती याच दिवाणी कोर्टांच्या जाचाला कंटाळून. कोर्ट हे सावकाराच्या हातचे शस्त्र झाले होते. एकतर्फी हुकूमनामा घेऊन तो शेतकऱ्याची जमीन घेई. शिवाय प्रत्येक रुपयाचा वाद मुंबईपर्यंत किंवा लंडनपर्यंत जाऊ दिला, तर शेवटी जिंकतो तो ज्याची थैली मोठी. सरकारहून मोठी थैली कोणाची?

मान्य. म्हणूनच मी ‘सर्वांना सर्वत्र अपील’ असे म्हणत नाही. चाळणी असावीच. तिची भोके कोणत्या मापाची, एवढाच वाद आहे.

१४/
गंमत अशी की योग्य माप त्या काळच्या न्यायाधीशांना माहीत होते. कॅनडातून आलेल्या ‘प्रिन्स विरुद्ध गान्यों’ (१८८२) या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने खास परवानगीची कसोटी सांगितली. मोठी मालमत्ता गुंतलेली असणे हा त्यातला एक निकष होता, पण त्याबरोबर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न आणि सार्वजनिक हित हेही होते. हिंदुस्थानच्या प्रकरणांतही, पैशांत मोजता न येणारा पण महत्त्वाचा प्रश्न असेल तर दहा हजारांची अट न पाहता दाखला देता येतो, असे १९०० च्या आसपास स्पष्ट झाले. आणखी एक शहाणी प्रथा होती. मोठ्या पक्षाला लहान रकमेच्या प्रकरणात केवळ तत्त्वासाठी वर जायचे असेल, तर कधी कधी परवानगीला अट जोडली जाई : निकाल काहीही लागो, समोरच्याचा खर्च तुम्ही द्यायचा. हे माप सरकारी महसुलाच्या कचेरीत का आले नाही, याला कायद्याचे उत्तर नाही. राज्यकर्त्यांच्या सोयीचे आहे.

१५/
मोठ्यांनाही हा जाच कसा लागला आणि लागल्यावर काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. १९१८ च्या प्राप्तिकर कायद्यात कायद्याचा प्रश्न हायकोर्टाकडे पाठवण्याची सोय होती. पण पाठवायचे कोणी? मुख्य महसूल अधिकाऱ्याने. करदात्याचा अर्ज ‘पोकळ’ किंवा प्रश्न पाठवणे ‘अनावश्यक’ वाटले तर त्याला नाही म्हणता येई. मुंबईची अल्कॉक अ‍ॅशडाउन ही जहाजदुरुस्ती करणारी कंपनी याविरुद्ध भांडली. १९२३ साली प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की कायद्याचा गंभीर प्रश्न उभा असेल तर तो पाठवणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि ते त्याच्याकडून करवून घेता येते.

त्याच वर्षी टाटा आयर्न अँड स्टील कंपनी शेअरविक्रीच्या अंडररायटिंग कमिशनचा वाद घेऊन लंडनला गेली. तिला उत्तर मिळाले की हायकोर्टाने दिलेले मत हा केवळ सल्ला आहे, अंतिम निकाल नव्हे, सबब अपीलच नाही. लाखोंची उलाढाल असलेली कंपनी दारातून परत! तीन वर्षांत, १९२६ साली, कायद्यात नवे कलम घालून हायकोर्टाच्या दाखल्याने प्रिव्ही कौन्सिलकडे अपील करण्याची वाट मोकळी झाली.

१६/
कंपन्यांची अडचण तीन वर्षांत सुटली याचे मला वाईट वाटत नाही. त्यांचे म्हणणे रास्तच होते. पण १८७६ चा कायदा तेव्हा पन्नाशीला आला होता आणि शेतकऱ्यापुढचे दार जसेच्या तसे होते. लहान करदात्यासाठी १९२२ च्या नव्या कायद्यानेही काय ठेवले? हायकोर्टाकडे प्रश्न पाठवा असे म्हणायचे तर अर्जासोबत १०० रुपये फी. तेव्हा २,००० रुपयांच्या मिळकतीवर दर होता रुपयाला पाच पै, म्हणजे वर्षाचा कर ५२ रुपये १ आणा ४ पै. बावन्न रुपयांचा कर चुकीचा आहे हे सांगायला शंभर रुपये! मिळकत ३,८४० रुपयांपर्यंत पोहोचेल तेव्हा कुठे कर आणि फी बरोबरीला येत.

१७/
याचा एक परिणाम कायद्याच्या ग्रंथांत आजही दिसतो. त्या काळच्या करविषयक निवाड्यांचे खंड चाळा. कंपन्या, संस्थानिक, जमीनदार, बँका. किरकोळ दुकानदार शोधून सापडत नाही. ‘उत्पन्न’ म्हणजे काय, ‘भांडवली खर्च’ म्हणजे काय, या शब्दांचे अर्थ मोठ्यांच्या भांडणांतून घडले आणि मग लहानांना लागू झाले. जो कोर्टापर्यंत पोहोचत नाही त्याच्या व्यवहाराची रीत, त्याची उधारीची पद्धत, हुंडी, वाटखर्च, कशालाच कायद्याच्या भाषेत शब्द मिळत नाहीत.

१८/
बारडोलीकडे या बाजूने पाहिले की ती निराळी दिसते. १९२७ सालापर्यंत फेरपाहणीनंतर तेथील सारा आधी सुमारे ३० टक्क्यांनी आणि मग सुमारे २२ टक्क्यांनी वाढवण्याचे ठरले. बारडोली मुंबई इलाख्यात, म्हणजे १८७६ चा कायदा लागू. कोर्टात जाणे शक्यच नव्हते. वल्लभभाईंची मुख्य मागणी आठवा. सारा माफ करा अशी ती नव्हती. निःपक्षपाती पंचांकडून चौकशी करा, तोवर वाढीव सारा घेऊ नका, अशी होती. दुसऱ्या शब्दांत, कायद्याने नाकारलेले अपील ते मागत होते! सहा महिन्यांच्या लढ्यानंतर चौकशी मिळाली. एक न्यायखात्यातील अधिकारी ब्रूमफील्ड (१९२२ साली गांधीजींना सहा वर्षांची सजा सुनावणारे तेच) आणि एक महसूल खात्यातील, मॅक्सवेल. त्यांनी गावोगाव फिरून कागद तपासले आणि वाढ साधारण ६ टक्क्यांवर आणली.

२२ आणि ६ यांतील अंतर म्हणजे न ऐकलेल्या अपिलाची किंमत. बारडोलीत ती मोजता आली, कारण तेथे एक वल्लभभाई होते. ज्या तालुक्यांत फेरपाहणी झाली आणि कोणी लढले नाही, तेथील आकडा कोणी काढणार?

१९/
१७८१ चे ते कलम शेवटी भेटेल असे म्हटले होते. २६ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे १६९ वर्षांनी, ते गेले. संविधानाच्या अनुच्छेद २२५ च्या परंतुकात स्पष्ट लिहिले आहे की महसुलाच्या बाबतीत हायकोर्टांच्या मूळ अधिकारितेवर जी बंधने होती ती यापुढे लागू नाहीत. संविधानावर बोलताना हे परंतुक कोणी उद्धृत करीत नाही. मला मात्र ते अत्यंत प्रिय आहे. आणीबाणीत, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने, ते वगळले गेले आणि ४४ व्या दुरुस्तीने परत आले. वॉरन हेस्टिंग्जच्या काळातील बंधनाचा मोह स्वतंत्र भारताच्या सरकारलाही पडला होता, हे नोंदवून ठेवावे.

२०/
रकमेचा उंबरठा मात्र लगेच गेला नाही. सुप्रीम कोर्टात दिवाणी अपिलासाठी अनुच्छेद १३३ मध्ये २०,००० रुपयांची अट होती, जुन्या दहा हजारांची थोरली बहीण. ती ३० व्या दुरुस्तीने (१९७२) काढली आणि तिच्या जागी कायद्याच्या व्यापक महत्त्वाच्या प्रश्नाची कसोटी आली. आज प्राप्तिकरात पुन्हा रकमेच्या मर्यादा आहेत; २०२४ पासून न्यायाधिकरणासाठी ६० लाख, हायकोर्टासाठी २ कोटी, सुप्रीम कोर्टासाठी ५ कोटी. पण त्या खात्याला लागू आहेत. त्याहून कमी कराच्या वादात, काही अपवाद सोडता, खात्यानेच वर जायचे नाही. करदात्यावर ती मर्यादा नाही. १८८६ चा उंबरठा उचलून दुसऱ्या दाराला लावला आहे.

शेतसाऱ्याच्या बाजूला एवढी उलथापालथ झालेली नाही. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेतही ६० आणि ९० दिवस आहेत, आणि १८७६ च्या कायद्याचा हवाला महसुली दाव्यांत अजूनही दिला जातो.

२१/
आता एक काम तुमच्यासाठी. गावच्या घरी माळ्यावर जुन्या कागदांची पेटी किंवा बासन असेल, तर साऱ्याच्या पावत्यांबरोबर स्टँप लावलेले अर्ज आणि नकला शोधा. अर्ज कोणाच्या नावे आहे, मामलेदार, कलेक्टर की कमिशनर, ते पाहा. हुकमाची तारीख आणि अपिलाची तारीख यांत किती दिवस गेले ते मोजा. शेवटचा शेरा मोडीत असेल तर फोटो काढून येथे टाका. वाचणारे आपल्यात बरेच आहेत. अर्जातली रक्कमही कळवा, मग ती तीन रुपये का असेना.